नदाफसाहेब आणि उपाशी सेल

नदाफसाहेब ज्या टेबलाशी बसायचे तिथे आता एक यंत्र आहे. बॅटरी पॅक जोडला की ते तो स्वतःच भरतं, स्वतःच रिकामा करतं आणि शेवटी हिरवा नाहीतर तांबडा दिवा लावतं. यंत्र चांगलं आहे. ते चहा मागत नाही, गुडघे धरून उठत नाही आणि मालकाला "थांबा की जरा" असं सुनावत नाही. पण तांबडा दिवा लागला की तो का लागला हे कोणीतरी शोधायचंच असतं. ते काम आता माझ्या गळ्यात आहे. त्यामुळे साहेबांची आठवण मला येते ती दुपारची, कंटाळलेली असताना, तांबड्या दिव्यासमोर.

शिरोली एमआयडीसीत, फाउंड्र्यांच्या काळ्या धुळीत, आमचा छोटा कारखाना आहे. तीनचाकी गाड्यांचे आणि फवारणी पंपांचे बॅटरी पॅक आम्ही जोडतो. मी प्रॉडक्शन बघते, म्हणजे माल वेळेत गेला नाही तर बोलणी मी खाते. मालक अभिजित माझ्यापेक्षा बराच लहान. मला ताई म्हणतो आणि ताईला सगळं जमतं असं समजतो. साहेबांना त्यानेच आणलं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, सगळी नोकरी एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये काढलेली. उंच, खांद्यात वाकलेले, इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी. "वीज गेली तरी माझ्या काळात गावाचा फोन बंद पडला न्हाय," हे त्यांनी आल्या आल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगितलं. स्वतःच्या कामाचा त्यांना अभिमान होता आणि तो लपवायची गरज त्यांना वाटत नसे.

निवृत्तीनंतर पुन्हा नोकरी कशाला, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "बॅटरी नुसती पडून ऱ्हायली की प्लेटवर थर चढतोय, वैशालीताई. माणसाचं बी तसंच हाय. घरात बसलो की चढायला लागतोय."

सकाळी आले की ते आधी घड्याळ काढायचे, मग चांदीची अंगठी, आणि दोन्ही एका काचेच्या ग्लासात टाकायचे. अंगठीच्या बोटावर एक गुळगुळीत पांढरी कडी होती. तरुणपणी अंगठी न काढता पान्याने नट आवळत होते, बॅटरीच्या दोन टोकांच्या मध्ये अंगठी सापडली आणि बोटातच तापून लाल झाली. हा किस्सा ते नव्या बाईला पहिल्या दिवशी बोट पुढे करून सांगत. आमच्याकडे जोडणीला सगळ्या बायकाच. त्यांनी पाटल्या काढायच्या आणि मंगळसूत्र ॲप्रनच्या आत घालायचं, असा साहेबांचा नियम. वेल्डिंगची शोभा तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "मंगळसूत्राला हात लावायला सांगताय व्हय साहेब? नवऱ्याला काय झालं म्हंजे?"

"काढ कुठं म्हणालोय? आत घाल. नवरा बी वाचतोय आन् पॅक बी."

पॅक म्हणजे एकापुढे एक जोडलेले सेल. त्यातला एक जरी आधी रिकामा झाला तरी आतलं सर्किट सगळा पॅक बंद करतं. बाकीच्यांत कितीही भरलेलं असो. गाडी रस्त्यात उभी राहते आणि फोन मला येतो. तेव्हा जो सेल सगळ्यांत आधी खाली आला त्याच्याकडे बोट दाखवून सगळे म्हणतात, हा खराब, हा बदला. साहेब बदलू द्यायचे नाहीत.

"खाली येताना बघितलासा, आता वर जाताना बघा. भरताना बी हाच पहिला वर पळाला तर म्हातारा. पोट ल्हान झालंय त्येचं, लगेच भरतंय, लगेच रितं हुतंय. त्येला काढा, माझं काय म्हणणं न्हाय. पण भरताना बी मागंच ऱ्हायला तर उपाशी. पोट चांगलं हाय, त्येच्या ताटातलं कोणतरी खातंय. उपाशाला म्हातारा म्हणून हाकलू नगा."

म्हातारा की उपाशी, हे मग कारखान्यात रूढ झालं. बायका सासूंचं, दिरांचं वर्गीकरण करू लागल्या. शोभा म्हणायची, "आमचा दिवसभर खातोय तरी उपाशीच. ह्यो कुठल्यातला, साहेब?" साहेब मीटरवरून नजर न काढता म्हणाले, "टेबलावर आण. बघून सांगतो."

उपाशी सेल सापडला की छोट्या चार्जरने ते त्या एकट्याला भरत बसत. बाकीच्यांच्या बरोबरीला आला की पॅक फळीवर ठेवायचा आणि थंड होऊ द्यायचा. "आत्ता तापलेला हाय. आत्ता मोजला तर खोटं बोलतोय." अभिजितला हे थांबणं सोसायचं नाही. गाडी दारात, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि फळीवर पॅक विसावा घेताहेत. मला दोघांच्या मध्ये उभं राहावं लागे. खरं सांगायचं तर मी बहुतेक वेळा अभिजितच्या बाजूने असायचे. मला गाडी भरायची असे.

साहेब नेहमी बरोबर असत असंही नाही. एका उन्हाळ्यात त्यांनी फवारणी पंपांचा अख्खा लॉट अडवला. सगळे सेल जास्त व्होल्टेज दाखवताहेत, कंपनीने भलतेच सेल पाठवलेत, असं त्यांचं म्हणणं. आम्ही पुरवठादाराशी भांडलो. शेतकरी दुकानदारांच्या डोक्यावर आणि दुकानदार माझ्या. शेवटी शोभाने दुसरं मीटर लावून बघितलं. सेल ठीक होते. साहेबांच्या मीटरच्या आतला स्वतःचा सेल उतरला होता, म्हणून ते चुकीचं दाखवत होतं. सगळ्या बायका टेबलाभोवती जमल्या. साहेबांनी मीटर उघडलं, सेल बदलला, झाकण लावलं. "मीटरवाल्यांनी आधी सांगाया पायजे हुतं," एवढंच बोलले आणि पुढचा पॅक ओढला. चूक कबूल करायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. बॅटरी रूममध्ये ते एकटेच असत. कबूल करणार कोणापुढे?

दोन गोष्टी मात्र त्यांनी लावून धरल्या. एक, तपासणीचं सॉकेट. दर वेळी पेटी उघडायची, स्क्रू झिजवायचे, हे त्यांना पटत नव्हतं. म्हणून प्रत्येक सेलची एकेक बारीक वायर बाहेर आणून पेटीच्या बाजूला एक सॉकेट बसवायला लावलं, वरून रबरी टोपण. टोपण काढलं, मीटर लावलं की सगळे सेल बाहेरूनच मोजता येत. दुसरी गोष्ट स्वच्छता. बॅटरी रूममध्ये ॲसिडचा थेंब सांडला तरी पुसायची सवय. शेणा-चिखलाची पेटी घेऊन कोणी आलं की भडकायचे. "घाण पॅक माझ्या टेबलावर घेणार न्हाय. घरला न्या, स्वच्छ करा, मग या."

सुरेखाला त्यांनी असंच परत पाठवलं होतं.

सुरेखा पेठ वडगावच्या पुढच्या एका गावातली. तिच्याकडे मालवाहू तीनचाकी आहे, पॅक आमचा. सकाळी वाड्यांवरचं दूध कॅनमध्ये गोळा करायचं आणि गावातल्या दूध संस्थेत पोचवायचं, हे तिचं काम. वाटेत एक चढ आहे. चढ संपला की संस्था. तिथून दूध नेणारा टेम्पो कोणासाठी थांबत नाही. सुरेखाची गाडी बरोबर त्या चढावर बंद पडायला लागली.

त्याच्या काही महिने आधी ती नुसत्या तपासणीला आली होती तेव्हा पेटीवर दुधाचे ओघळ, त्यावर धूळ. साहेबांनी बघितलंसुद्धा नाही. गाडी बंद पडायला लागल्यावर ती पेटी चकचकीत करून घेऊन आली. साहेबांनी मोजलं. एका टोकाचा पहिला सेल उपाशी. त्यांनी तो भरला, बरोबरीला आणला, पॅक दिला. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. तोच सेल, तसाच उपाशी. या वेळी साहेबांनी पॅक बरेच दिवस नुसता फळीवर ठेवला आणि रोज मोजला. सेलचा आकडा जागचा हलला नाही. म्हणजे आतून गळत नव्हता.

अभिजित वैतागला. "साहेब, तो सेल बदलून टाका आणि मोकळे व्हा."

"सेलचा काय दोष हाय? इथं पोटभर ऱ्हातोय, तिथं जाऊन उपाशी मरतोय."

"मग बाईच काहीतरी करत असणार. जास्त माल भरत असेल, भलता चार्जर लावत असेल."

हे साहेबांनाही पटलं. त्यांनी सुरेखाला झाडलं. ती ऐकून घेणारी नव्हती. "वजन संस्थेत मांडून देतो आमी. चार्जर तुमच्याच कारखान्याचा हाय. आन् काय करतो मी? गाडीला हळद-कुकू लावतो, ते बी बंद करू?"

पुढच्या वेळी आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. चढावर गाडी उभी राहिली, टेम्पो निघून गेला, दूध नासलं. संस्थेच्या सचिवांनी सांगून टाकलं होतं की पुन्हा असं झालं तर दूध डिझेलच्या टेम्पोला देणार. अभिजितने सरळ स्टॉकमधला नवा पॅक काढून तिच्या गाडीत बसवला. त्याच्या दृष्टीने विषय संपला. माझ्याही. आणि नवा पॅकसुद्धा तसाच झाला. पुन्हा चढ, पुन्हा तेच. फोनवर ती फक्त एवढंच म्हणाली, "ताई, उद्यापास्नं दुसरा टेम्पो लावणार म्हणत्यात. मी काय करू ते सांगा."

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी हातातला पॅक बाजूला सारला. मग ग्लासातली अंगठी काढून बोटात घातली. "पॅक नवा, तरी दुखणं त्याच जागंला. म्हंजे दुखणं पॅकचं न्हाय, घरचं हाय. चला."

साहेब कधी साइटवर जात नसत. गुडघ्यांमुळे माझ्या स्कूटरवर बसायलाही त्यांना त्रास झाला.

आम्ही पोचलो तेव्हा सकाळचं काम आटोपून सुरेखा संस्थेच्या नळावर कॅन धूत होती. बादलीत धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी, हातात काथ्या. कॅन उपडे घालून झाले. मग आमच्या देखत तिने त्याच बादलीत फडकं बुडवलं आणि बॅटरीची पेटी घासायला घेतली. बाजूच्या सॉकेटचं रबरी टोपण काढलं, फडक्याचं टोक आत घालून फिरवलं, टोपण पुन्हा दाबून बसवलं. वरून ओलं किंतान अंथरलं, जसं उन्हाळ्यात दुधाच्या कॅनवर घालतात तसं.

साहेब जागेवरच थांबले. "हे काय करायलीस?"

"स्वच्छ करतोय की."

"कवापास्नं?"

"तुमी हाकलून दिलासा तवापास्नं. घाण पॅक घेणार न्हाय म्हणालासा. सगळ्या कॅनसंगं ह्येला बी रोज सोड्यानं धुतोय. आन् तुमच्याकडं आणायचं असलं की साध्या पाण्यानं धुऊन, उनात वाळवून आणतोय. उगं तुमी वराडाय नको."

साहेबांनी किंतान बाजूला केलं आणि टोपण ओढलं. सॉकेटच्या खालच्या पिनांवर सोड्याचा पांढरा, ओलसर थर बसला होता. पहिल्या सेलच्या दोन पिना त्या थराने जोडल्या गेल्या होत्या आणि त्यातून तो सेल रात्रंदिवस थोडा थोडा रिकामा होत होता. आमच्याकडे येण्याआधी ती तो थर धुऊन टाकत असे. म्हणून टेबलावर काही दिसायचं नाही आणि फळीवर काही गळायचं नाही. सॉकेट साहेबांचं आणि धुवायची सक्तीही साहेबांची.

ते एका उपड्या कॅनवर बसले. मी सुरेखाला पेटीला पाणी लावू नको एवढं सांगितलं. ती म्हणाली, "लावत न्हाय. पण आता काय उपेग? त्यांनी टेम्पो सांगितलाय."

साहेब उठले आणि संस्थेच्या ऑफिसात गेले. आत दुधाचा हिशेब करायला आलेली माणसं होती. सचिव खुर्चीतून म्हणाले, "या पावणं. बॅटरीचं मला काय सांगू नगा. दूध नासलं की गवळणी माझ्या दारात येऊन बसत्यात."

"बाईची चूक न्हाय," साहेब म्हणाले. "बॅटरीची बी न्हाय. माझी हाय."

कोणीतरी हसलं. मी साहेबांकडे बघितलं. मीटरवाल्यांना नावं ठेवणारा हा माणूस अनोळखी लोकांपुढे, कोणी विचारलं नसताना हे बोलत होता. काय चुकलं तेही त्यांनी सांगितलं, सॉकेटसकट. सचिवांना त्यातलं निम्मं कळलं नसावं.

"मग काय, उद्या ढकलायला येताय का गाडी?"

"येतो. ढकलायला न्हाय, बसायला. चढावर गाडी थांबली तर परवापास्नं तुमचा टेम्पो लावा. न्हाय थांबली तर बाईचं काम बाईला."

सचिवांनी माणसांकडे बघितलं, मग सुरेखाकडे. "एक सकाळ. मग बघू."

सगळी दुपार साहेब संस्थेच्या व्हरांड्यात बसून होते. स्पिरिट आणि जुन्या दातांच्या ब्रशने सॉकेट घासलं, उन्हात वाळवलं. पेटी उघडून त्या एका सेलला छोटा चार्जर लावला. सगळे सेल बरोबरीला आल्यावर पेटी बंद केली. मग सॉकेटमध्ये चिकट सीलंट काठोकाठ भरलं, वर टोपण दाबलं आणि बोटाने कड फिरवून सारखी केली.

"आता बाहेरून मोजता येणार नाही, साहेब," मी म्हटलं.

"न्हाय तर न्हाय."

दमलेले दिसत होते. मीही दमले होते. दिवसभरात कारखान्यातून आलेले फोन मी मोजलेसुद्धा नव्हते. परतीच्या वाटेवर त्यांनी मागून विचारलं, "आनी किती पॅकला बसवलंय ते सॉकेट आपण?" मी म्हटलं, सगळ्यांना.

साहेब त्यानंतर कारखान्यात आले नाहीत. दोन दिवसांनी अभिजितला फोन करून गुडघ्यांचं कारण दिलं आणि सॉकेट बंद करायला सांगितलं. आता आजऱ्याला मुलीकडे असतात. मी एकदा फोन केला तेव्हा शोभा पाटल्या काढते का, एवढंच विचारलं. गुडघे खरंच दुखत होते. तेवढंच कारण होतं का, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नसतं. त्यामुळे मी त्यांना शेवटचं बघितलं ते सचिवांनी दिलेल्या त्या एका सकाळी, चढावर.

फटफटतानाच ते एसटीने वडगाव स्टँडवर उतरले. तिथून मी त्यांना स्कूटरवर नेलं. सुरेखाने वाड्यांवरचं दूध भरलं, कॅन नेहमीइतकेच. साहेब मागे कॅनच्या मधोमध, चढाकडे पाठ करून, एका पोत्यावर बसले. मी स्कूटरवर मागे. चढाच्या पायथ्याशी सुरेखाने गाडी थांबवली आणि मान बाहेर काढली.

"साहेब, उतरा. चालत या जरा. हितनं चढ हाय."

"न्हाय."

"अवो, तुमचं वजन कशाला उगं? नेमकं आज?"

"आज चढंल आन् उद्या?"

"साहेब, हात जोडतो. उतरा."

"गाडी चालव, सुरेखा."

तिने कपाळाला हात लावून मग हँडलच्या मुठीला लावला आणि गाडी सोडली. पहिला टप्पा नीट गेला. वळणावर, जिथे ती दर वेळी बंद पडायची, तिथे वेग कमी झाला. मोटरचा आवाज चिरका झाला. माणूस चालेल तेवढीच गती राहिली, मग त्याहूनही कमी. मी पाय खाली टेकले. साहेबांनी दोन्ही बाजूंच्या कॅनची झाकणं घट्ट धरली होती. डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. मीटर त्यांनी आणलंच नव्हतं, आणि आणलं असतं तरी लावायला जागा नव्हती.

गाडी थांबली नाही. वळण सुटलं, आवाज जरा खाली आला. साहेबांनी डोळे उघडले, मी दिसल्यावर एक हात झाकणावरून काढला आणि मला मागे फिरण्याची खूण केली: जा, काम पडलंय. मग चढाच्या टोकावर आधी चाकं दिसेनाशी झाली, मग कॅन, मग साहेब. पलीकडून सुरेखाचा हॉर्न ऐकू आला, गरजेपेक्षा बराच लांब.

मी स्कूटर वळवली. कारखान्यात गाडी भरायची होती.